ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

बोटाला लावायचा चिमटा आणि मनगटावरचे घड्याळ प्रकाशाच्या मदतीने नाडी मोजतात. हा आकडा येतो कुठून, त्यावर कधी विसंबायचे आणि कधी त्याच्याकडे न बघता थेट दवाखाना गाठायचा?

सप्टेंबर २०२०. जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदन, घनसावंगी अशा तालुक्यांत राज्यातल्या इतर भागांप्रमाणेच घरोघरी आरोग्य पथके फिरू लागली होती. एक आरोग्य कर्मचारी आणि सोबत दोन स्वयंसेवक. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम १५ सप्टेंबरला सुरू झाली होती. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे याच जिल्ह्यातले, घनसावंगी मतदारसंघाचे तेव्हाचे आमदार. पथकाने दारात यायचे, कपाळासमोर तापमापक धरायचा आणि मग बोटाला एक छोटा चिमटा लावायचा. चिमट्यात लाल दिवा लागायचा आणि थोड्याच वेळात पडद्यावर दोन आकडे दिसायचे.

सगळ्यांचे लक्ष पहिल्या आकड्याकडे असे. तो ९५ किंवा त्याहून जास्त असला की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा, कमी असला की धावपळ सुरू व्हायची. त्याखालचा दुसरा आकडा, कधी ७४, कधी ९८, मात्र फारसे कोणी विचारत नसे. तो होता नाडीचा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांचा.

साथ ओसरली. त्या काळात घराघरांत घेतलेले ऑक्सिमीटर आता कपाटात, देवळीत किंवा औषधांच्या डब्यात पडून आहेत. दुसरीकडे, हाच प्रकाश वेगळ्या रूपात तरुणांच्या मनगटावर येऊन बसला आहे. घड्याळ उलटे करून पाहिले तर पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. बोटातला लाल आणि मनगटावरचा हिरवा, दोघांचे मूळ काम एकच आहे. सुई न टोचता, छातीला तारा न लावता नाडी ओळखणे. पहिल्या आकड्याचा भरवसाही या दुसऱ्या आकड्यावरच उभा असतो. यंत्राला नाडी नीट सापडली नसेल, तर त्याने दाखवलेल्या ऑक्सिजनलाही अर्थ उरत नाही. ही एक गोष्ट समजली, तर कपाटातले ते यंत्र पुष्कळ उपयोगाचे ठरते आणि त्याच्यामुळे होणारी फसगतही टळते.

तळहातावरची बॅटरी

वीज गेल्यावर अंधारात बॅटरी तळहाताखाली धरून बोटे लाल झालेली पाहण्याचा खेळ बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. बॅटरीचा प्रकाश पांढरा, मग बोटे लालच का दिसतात? कारण निळा आणि हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते. लाल प्रकाश त्यातल्या त्यात आरपार येतो. शरीरातून प्रकाश जातो आणि रक्त त्यातला काही भाग अडवते, एवढ्या साध्या गोष्टीवर हे सारे तंत्र उभे आहे.

हृदयाचा ठोका पडला की रोहिण्यांतून दाबाची एक लाट निघते. ती सेकंदाच्या साधारण पाव भागात बोटाच्या टोकापर्यंत पोहोचते. लाट आली की तिथल्या बारीक रोहिण्या किंचित फुगतात, त्यांच्यात क्षणभर जास्त रक्त येते आणि तेवढा जास्त प्रकाश अडवला जातो. लाट ओसरली की पुन्हा थोडा जास्त प्रकाश पलीकडे पोहोचतो. चिमट्याच्या एका बाजूला दिवा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा संवेदक. संवेदकाला प्रकाश मिनिटाला ७२ वेळा कमी-जास्त होताना दिसला, तर नाडी ७२.

ऐकायला हे सोपे वाटते. अडचण अशी की, ठोक्यामुळे होणारा हा बदल फारच लहान असतो. संवेदकापर्यंत येणाऱ्या एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी. बाकीचा सारा परिणाम कातडी, मांस, हाड, नख आणि शिरांमधले संथ रक्त यांचा असतो. तो ठोक्यागणिक बदलत नाही. यंत्र हा न बदलणारा भाग बाजूला काढते आणि उरलेली बारीक थरथर मोजते. बोट हलले, चिमटा सैल बसला किंवा बाहेरचे ऊन आत शिरले, तर त्या थरथरीपेक्षा गोंधळच मोठा होतो. मग यंत्र हालचालीलाच ठोका समजते.

या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. नाव जड असले तरी अर्थ साधा आहे : प्रकाशाच्या साहाय्याने रक्ताच्या भरती-ओहोटीची नोंद.

बोटांपासून प्रकाशापर्यंत

मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. नाडीचे ठोके घड्याळ लावून मोजण्याची सवय मात्र त्या मानाने अलीकडची. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १७०७ मध्ये नाडी मोजण्यासाठी नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले. त्याआधी सेकंद दाखवणारी घड्याळेच फारशी नव्हती.

प्रकाशाने नाडी टिपण्याचा पाया १९३०च्या दशकात घातला गेला. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७ आणि १९३८ मध्ये दिवा आणि प्रकाशसंवेदक वापरून बोटांतील व त्वचेतील रक्तप्रवाहाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावर उडणाऱ्या वैमानिकांना ऑक्सिजन कमी पडतो का, हे पाहण्यासाठी ग्लेन मिलिकन यांनी कानाच्या पाळीला लावायचे यंत्र बनवले. ‘ऑक्सिमीटर’ हा शब्द त्यांचाच. पण ते यंत्र सांभाळायला कटकटीचे होते. प्रत्येक माणसाच्या कानाची जाडी वेगळी, कातडीचा रंग वेगळा, त्यामुळे दर वेळी ते नव्याने जुळवून घ्यावे लागे.

हा गुंता जपानच्या ताकुओ आओयागी यांनी सोडवला. निहोन कोहदेन या कंपनीत अभियंता असलेल्या आओयागींना खरे तर हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, हे मोजायचे होते. त्यासाठी रक्तात रंगद्रव्य सोडायचे आणि कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून ते किती वेगाने विरळ होते, ते पाहायचे. पण त्या आलेखावर नाडीची थरथर येऊन सगळी रेघ वेडीवाकडी होई. ती पुसून टाकण्यासाठी त्यांनी प्रकाशाचे दोन रंग वापरून पाहिले. रक्तातला ऑक्सिजन बदलला की मात्र थरथर पुसली जाईना. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की नको असलेली ही थरथरच कामाची आहे. बदलणारा प्रकाश फक्त रोहिणीतल्या रक्तामुळे बदलतो. म्हणून तेवढाच भाग दोन रंगांत मोजून त्यांचे गुणोत्तर काढले, की कातडी आणि कानाची जाडी हिशेबातून गळून पडतात आणि रोहिणीतल्या रक्तात ऑक्सिजन किती, हे कळते. १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली. १९८०च्या दशकात ती जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत पोहोचली. भूल दिलेल्या रुग्णाला ऑक्सिजन कमी पडतो आहे, हे त्याचे ओठ निळे पडण्याच्या आधी कळू लागले.

आओयागी यांचे निधन १८ एप्रिल २०२० रोजी झाले. त्यांच्या यंत्राला जगात सर्वाधिक मागणी येण्याचे ते दिवस होते. पाच महिन्यांनी तेच यंत्र जालन्याच्या खेड्यापाड्यांत लोकांच्या बोटांना लागत होते.

लाल कुठे, हिरवा कुठे

आजच्या ऑक्सिमीटरमध्ये दोन दिवे असतात. एक ६६० नॅनोमीटर लहरलांबीचा लाल आणि दुसरा ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, जो डोळ्यांना दिसत नाही. ऑक्सिजनने भरलेले रक्त लाल प्रकाश कमी अडवते, ऑक्सिजन कमी असलेले रक्त जास्त अडवते. अवरक्त प्रकाशात हे चित्र उलटे असते. दोन्ही दिवे सेकंदाला शेकडो वेळा आळीपाळीने लागतात आणि त्या दोन थरथरींची तुलना करून पहिला आकडा काढला जातो. म्हणूनच नाडी नसेल तर तुलना नाही आणि तुलना नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही नाही.

घड्याळाला नाडी मोजण्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही. मनगटातून प्रकाश आरपार जाऊ शकत नाही, म्हणून तिथे दिवा आणि संवेदक शेजारीशेजारी बसवतात आणि कातडीतून परत फिरणारा प्रकाश मोजतात. यासाठी हिरवा रंग सोयीचा ठरतो. हिमोग्लोबिन तो भरपूर शोषते, त्यामुळे ठोक्यागणिक होणारा फरक ठळक दिसतो. शिवाय हिरवा प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून स्नायू आणि कंडरा हलल्यामुळे होणारा गोंधळ कमी होतो.

तरीही चालताना, धावताना घड्याळ चकते. हात एका लयीत हलत असला, तर ते कधी कधी पावलांची लयच नाडी म्हणून मोजते. त्यासाठी घड्याळात हालचाल ओळखणारा वेगळा संवेदक असतो आणि गणिताने तेवढी हालचाल वजा केली जाते. शांत बसलेल्या निरोगी माणसाची नाडी ही घड्याळे बहुधा बरोबर सांगतात. फावडे मारताना, मोटारसायकलच्या हादऱ्यात किंवा वजन उचलताना दिसणाऱ्या आकड्याला मात्र अंदाजापलीकडे किंमत देऊ नये.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी मोजणारी ॲप याच तत्त्वावर चालतात. फ्लॅश हा दिवा आणि कॅमेरा हा संवेदक. याच्याही पुढे जाऊन, साध्या उजेडात चेहऱ्याचे चित्रण करून त्यातले डोळ्यांना न दिसणारे रंगबदल टिपता येतात आणि त्यावरून नाडी काढता येते, हे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवले. पण बोटाने ऑक्सिजन मोजण्याचा दावा करणाऱ्या मोबाइल ॲपपासून लांबच राहावे. त्यासाठी लागणारे दोन ठरावीक दिवे साध्या फोनमध्ये नसतात.

मेंदी, गोंदण आणि थंड बोटे

प्रकाशाच्या वाटेत जे जे येते, ते ते आकडा बिघडवू शकते. गडद नेलपॉलिश आणि बोटांच्या टोकांवरची काळी मेंदी हे नेहमीचे अडथळे. मनगटावर दाट गोंदण असेल, तर शाई हिरवा प्रकाश गिळून टाकते आणि घड्याळाला नाडीच सापडत नाही. अशा वेळी घड्याळ दुसऱ्या हातात किंवा गोंदण सोडून थोडे वर बांधावे. पहाटेच्या थंडीत शेतावरून आलेल्या माणसाची बोटे गार असतात. थंडीने रोहिण्या आकसतात, रक्त कमी येते आणि यंत्र रेघा दाखवत बसते किंवा भलताच आकडा देते. हात चोळून, गरम करून मग मोजावे. लहान बाळाच्या बोटाला मोठ्यांचा चिमटा नीट बसत नाही, त्यामुळे तो आकडा धरून चालू नये.

कातडीच्या रंगाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. गुणोत्तर काढल्यामुळे रंग हिशेबातून पूर्ण गळून पडतो, असे बरीच वर्षे मानले जात होते. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्रावर ९२ ते ९६ आकडा दिसत असताना रोहिणीतल्या रक्ताची प्रत्यक्ष तपासणी केली, तर ऑक्सिजन ८८ टक्क्यांहून कमी निघाल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. म्हणजे काळ्या कातडीच्या रुग्णांना धोका असूनही यंत्र ‘ठीक आहे’ म्हणण्याची शक्यता तिपटीने जास्त होती. आपल्याकडे गव्हाळ ते गडद अशा सगळ्या छटांची माणसे आहेत. त्यामुळे एकाच आकड्यावर निर्णय न घेता तो तासागणिक कसा बदलतो आणि माणसाला धाप लागते का, हे पाहणे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे.

गाड्या भरलेल्या, पण आहेत किती?

ऑक्सिमीटरचा आकडा अगदी अचूक असूनही दिशाभूल करू शकतो. याचे आपल्या भागातले मोठे उदाहरण म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन कमी आहे.

जालन्याची बाजारपेठ मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा उदाहरण तिथलेच घेऊ. बाजारात आलेली प्रत्येक गाडी मोसंबीने गच्च भरलेली आहे, असे कोणी सांगितले, तर त्यावरून माल किती आला हे कळत नाही. गाड्या शंभर आल्या की चाळीस, हेही माहीत हवे. हिमोग्लोबिन ही ऑक्सिजनची गाडी. ऑक्सिमीटर फक्त एवढेच सांगतो, की आलेल्या गाड्या किती टक्के भरलेल्या आहेत. रक्तक्षयात गाड्याच कमी असतात, पण ज्या आहेत त्या भरलेल्या असतात. म्हणून हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईच्या बोटावरही ९८ दिसू शकते.

अशा वेळी दुसरा आकडा काही बोलतो. गाड्या कमी असल्या की त्यांच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात. हृदय तेच करते, नाडी जलद होते. शांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. ताप नाही, घाबरण्यासारखे काही नाही, चहा-तंबाखूही नुकती झालेली नाही, तरी दिवसेंदिवस नाडी १००च्या वर राहात असेल, थोड्या चालण्याने दम लागत असेल, तर ऑक्सिजन ९८ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रक्तक्षय, थायरॉईडचा आजार, हृदयाचा आजार यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी होते. सुरुवात तिथून करावी.

दुसरी फसगत धुराची. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपले, की कार्बन मोनॉक्साइड साचतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइडने भरलेले आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि पडद्यावर ९८ झळकत असतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी अशी लक्षणे एकाच खोलीतल्या सगळ्यांना जाणवू लागली, तर आकडा बघत बसू नये. आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि मग दवाखान्यात न्यावे.

भट्टीसमोरची नाडी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून लोखंडी सळया तयार करणारे कारखाने आहेत. मराठवाड्याचा उन्हाळा आणि त्यात भट्टीची धग, अशा ठिकाणी पाळी करणाऱ्या कामगाराच्या शरीराला दोन कामे एकदम करावी लागतात. स्नायूंना रक्त पुरवायचे आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडेही रक्त न्यायचे. घामामुळे शरीरातले पाणी कमी झाले, की तेवढ्याच कामासाठी हृदयाला आणखी जलद चालावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या बायाबापड्यांचीही हीच गत.

म्हणून उष्णतेचा ताण ओळखण्यासाठी नाडी हे सोपे माप मानले जाते. एसीजीआयएच ही अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना एक ढोबळ नियम सांगते. १८० मधून वय वजा करावे. हृदय निरोगी असलेल्या माणसाची नाडी काम करताना सलग काही मिनिटे त्या आकड्याच्या वर राहिली, तर काम थांबवावे. चाळीस वर्षांच्या माणसासाठी ही मर्यादा १४० येते. घाम आणि हालचाल यांमुळे मनगटावरचे यंत्र कामाच्या ऐन भरात चुकू शकते. म्हणून थांबून, सावलीत बसून लगेच मोजावे. विसाव्यानंतरही नाडी उतरत नसेल, तर शरीराची क्षमता संपत आली, असे समजावे. बरळणे, झोक जाणे, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. तिथे मोजमापाला वेळ नसतो. अंगावर पाणी ओतून, वारा घालून शरीर थंड करायचे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची.

लय चुकली तर

नाडी मिनिटाला किती, याइतकेच ती एका लयीत आहे का, हेही महत्त्वाचे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसतेच थरथरू लागले, की ठोके वाटेल तसे पडतात. या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. हा विकार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. अनेकांना आधी काहीच त्रास जाणवत नाही.

इथे मनगटावरच्या प्रकाशाचा खरा उपयोग होऊ शकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’त ४ लाख १९ हजारांहून अधिक लोकांची नाडी घड्याळाने तपासली गेली. त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना लय चुकत असल्याची सूचना आली. त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्के जणांच्या नोंदीत हा विकार आढळला. तो येऊन-जाऊन असतो, त्यामुळे बाकीच्यांना तो नव्हताच, असे यावरून म्हणता येत नाही. घड्याळाने सूचना दिली म्हणून रोग झाला असे नाही आणि दिली नाही म्हणून रोग नाही असेही नाही. सूचना आली तर ईसीजी काढून घ्यावा, एवढाच तिचा अर्थ.

या विकारात आणखी एक गंमत होते. काही ठोके इतके दुबळे असतात, की त्यांची लाट बोटापर्यंत पोहोचतच नाही. डॉक्टरांना स्टेथोस्कोपने छातीत १२० ठोके ऐकू येतात आणि बोटावरचे यंत्र ९० दाखवते. यंत्र खोटे बोलत नाही. ते हृदय मोजतच नाही, ते बोटापर्यंत पोहोचलेले रक्त मोजते.

छातीत दुखते, आकडा बरा आहे

सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी हीच आहे. छातीत दडपल्यासारखे होते, घाम सुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो. घरातले कोणी तरी ऑक्सिमीटर आणते. ऑक्सिजन ९७, नाडी ८०. ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन माणूस झोपतो.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबलेली असते. फुप्फुसे काम करत असतात, म्हणून ऑक्सिजन ठीक दिसतो. उरलेला स्नायू आकुंचन पावत असतो, म्हणून नाडीही ठीक दिसू शकते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटाची गोळी घेणाऱ्याची नाडी तर त्रासातही फारशी वाढत नाही. वाहिनी तुंबली आहे हे बोटावरच्या किंवा मनगटावरच्या प्रकाशाला कळण्याचा काही मार्गच नाही. त्यासाठी बारा तारांचा ईसीजी लागतो आणि वाहिनी जितकी लवकर मोकळी होईल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. भोकरदन किंवा मंठ्याच्या एखाद्या वाडीवरून जालन्याला आणि तिथून गरज पडली तर आणखी साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला पोहोचायचे असते. तेव्हा आकडे बघण्यात गेलेला अर्धा तास परवडणारा नसतो.

यंत्र आणि तीन बोटे

कपाटातले यंत्र वापरायचे असेल, तर आधी पाच मिनिटे शांत बसावे. बोटे गरम, कोरडी आणि नखे स्वच्छ असावीत. चिमटा लावून हात छातीच्या उंचीवर स्थिर ठेवावा. पहिला दिसलेला आकडा लगेच टिपू नये, कारण यंत्र मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवते. अर्धा ते एक मिनिट थांबून आकडा स्थिरावला की मगच नोंद करावी. सेल जुने असतील तर बदलावेत.

आणि त्याच वेळी दुसरा हात मोकळा असतो, त्याचा उपयोग करावा. ज्याची नाडी पाहायची त्याच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली आपली तीन बोटे हलकेच ठेवावीत. अंगठा वापरू नये, त्याची स्वतःची नाडी जाणवते. घड्याळ लावून तीस सेकंदांचे ठोके मोजून दुप्पट करावेत. लय चुकत असेल तर पूर्ण मिनिट मोजावे. आपली मोजणी आणि यंत्राचा दुसरा आकडा जवळपास जुळले, तर यंत्राला नाडी सापडली आहे आणि पहिल्या आकड्याचाही विचार करता येईल. दोन्हींत मोठा फरक असेल, तर बोट बदलून पुन्हा मोजावे. तरीही जुळत नसेल, तर यंत्र बाजूला ठेवावे आणि माणसाला डॉक्टरांकडे न्यावे.

‘माझे कुटुंब’ मोहिमेत दारोदार गेलेल्या आशाताईंकडून बोटाला चिमटा लावायला आणि पहिला आकडा वाचायला गावे शिकली. दुसरा आकडा वाचायला वेगळे यंत्र लागत नाही. त्यासाठी मनगटावर तीन बोटे आणि एक मिनिट पुरते.